कर्तरी प्रयोग

वैदेहीने काळ्या पेनाने 'नियोजित वर श्री.' हे तीन शब्द आडवे खोडले, कार्ड पालथं घातलं आणि ढिगातलं पुढचं उचललं. हे बाविसावं होतं. पहिल्या पाच-सहा कार्डांवर तिने नीट एकेक रेघ मारली होती. आता ती नुसता गिरगटा करत होती, आणि दोन कार्डांतून तर पेनाचं टोक आरपार गेलं होतं.

"काय करायलीस गं?" तिची आई, सुमंगलाबाई, हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"दुरुस्ती."

सुमंगलाबाईंनी एक कार्ड उचलून लांब धरलं. पोखर्णी गावच्या वाचनालयाचं ते निमंत्रण होतं. शनिवारी सायंकाळी पाच वाजता, गावकन्या डॉ. वैदेही यांचा सत्कार व 'मंगोलियातील तीन वर्षे' या विषयावर व्याख्यान. तसेच त्यांचे नियोजित वर श्री. सांचिर यांचे अभीष्टचिंतन. छापखान्याने 'मंगोलियातील'मधला 'लि' दीर्घ छापला होता. तो वैदेहीच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, दीडशेच्या दीडशे कार्डांवर लाल पेनाने ऱ्हस्व करून ठेवला होता. एक दिवस गेला होता त्यात. शेजारच्या ओळीतल्या 'श्री.'वर त्यांनी नजरदेखील टाकली नव्हती.

"अगं, बाकीची कार्डं परवाच वाटून झाली. पेडगावला गेली, दैठण्याला गेली. ही उरलेली खोडून काय होणार?"

"काहीच होणार नाही."

"मग कशाला हात काळे करायलीस? आणि वाक्य बघ कसं झालंय. 'तसेच त्यांचे सांचिर यांचे'. ह्यांनी पाहिलं तर ओरडतील." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "ते राहू दे. शिंपी सकाळी परत विचारायलता. उंची तू सांगितलीस, माझ्याएवढी म्हणून. पण छातीचं माप न्हाई दिलंस. मापाशिवाय त्यानं शर्ट बेतायचा कसा?"

वैदेहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा काही दोष नव्हता, म्हणून तर जास्तच गेली.

"शुक्रवारी आल्यावर घेऊ माप," ती म्हणाली आणि तेविसावं कार्ड उचललं.

सांचिर बाई होती. एवढी एकच गोष्ट या घरात कुणाला माहीत नव्हती. बाकी सगळं माहीत होतं. सांचिर जनावरांची डॉक्टर आहे, वैदेहीसारखीच. बोलणं कमी, काम जास्त. मटण खाणारं घर, पण तिकडे दुसरं काही पिकतच नाही म्हटल्यावर सुमंगलाबाईंनी तेही गिळलं होतं. तीन वर्षांपूर्वी वैदेही शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या एका प्रकल्पावर मंगोलियात गेली, तेव्हा तिला तेहतिसावं लागलं होतं. वर्षभराने आईने फोनवर नेहमीचं रडगाणं लावलं की आता तरी लग्नाचं बघ, आणि वैदेहीच्या तोंडून दोन शब्द निघून गेले होते.

"सांचिर आहे."

तेवढ्यावर घर उभं राहिलं. अण्णासाहेबांनी चाळीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं होतं. त्यांनी त्याच दिवशी पुस्तकं काढली. आठवड्याने त्यांनी जाहीर केलं की मंगोल लोकांची वारांची जुनी नावं थेट संस्कृतातून गेलेली आहेत. आदित्यचं आदिया, सोमचं सुमिया, बृहस्पतीचं बरखसबादी. आणि सांचिर म्हणजे शनैश्चर. जावई परका नव्हेच, आपल्याच नवग्रहांतला! मग हे त्यांनी पोस्टात सांगितलं, देवळात सांगितलं, परभणीला डोळे तपासायला गेले तर डॉक्टरला सांगितलं. शनी पुल्लिंगी, तेव्हा सांचिरही पुल्लिंगी. मंगोलियात ते नाव पोराचंही असतं आणि पोरीचंही असतं, हे सांगायला वैदेहीला पुरती दोन वर्षं मिळाली होती. फोटो मागितला की शेळ्यांचा नाहीतर तंबूचा पाठवला, आणि ती मूग गिळून बसली.

आणि बसली कशी, तर फार हुशारीने बसली. दर रविवारी ती अण्णांना व्हॉट्सॲपवर लांबलचक पत्र लिहायची. तुटक मेसेज त्यांना चालत नसत. उलट टपाली उत्तर यायचं: 'पत्र पावले. परंतु असे लिहावे, परंतू नव्हे.' अशा माणसाला मराठीत पत्र लिहून बाईची बाई लपवायची म्हणजे खायचं काम नव्हतं. मराठीत कुणी आलं म्हणायचं तर आला की आली ते आधी ठरवावं लागतं. बसला की बसली, हसला की हसली, सुटकाच नाही. वैदेहीने सुटका शोधली. सांचिरने चहा केला. सांचिरला ताप आला. सांचिरचं म्हणणं असं की. पुढच्या महिन्यात सांचिर गावी जाईल. एकदा 'ने' लावला की क्रियापद चहाच्या मागे जातं, करणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. दोन वर्षांत, शंभर पत्रांत, सांचिर एकदाही आली नाही, गेली नाही, हसली नाही की झोपली नाही. सांचिरने फक्त केलं आणि सांचिरला फक्त झालं.

ही करामत तिने एकदा सांचिरला कौतुकाने समजावून सांगितली होती. उलानबातारच्या त्या खोलीत, घरमालकाने दोघींना महिन्याच्या आत निघा म्हणून सांगितलं त्याच आठवड्यात. सांचिर पेट्या बांधत होती. ती थांबली.

"आमच्या भाषेत तोही तेर आणि तीही तेर," सांचिर म्हणाली. "मला जन्मभर लपता आलं असतं. तरी मी आईला सांगितलं. तुझ्या भाषेत लपायला जागाच नाही म्हणतेस, आणि तू तिथे घर करून राहिलीस."

वैदेहीला तेव्हा इतका राग आला की ती दोन दिवस बोलली नव्हती. राग खरं बोलल्याचा होता. सांचिरने सांगितलं म्हणून काही तिच्या घरी आरत्या ओवाळल्या गेल्या नव्हत्या. थोरल्या भावाने तिची मोटारसायकल दगडाने ठेचून ठेवली. आई तंबूत दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी म्हातारीने दोघींच्या हातात मिठाच्या चहाचे वाडगे दिले आणि म्हणाली, शेळ्या विंचरायच्या राहिल्यात, उठा. माफ केलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही, पुढेही कधी म्हणाली नाही. पण त्या दिवशी तिघींनी मिळून एकवीस शेळ्यांची लोकर काढली.

आणि आता पुढच्या शुक्रवारी सांचिर हैदराबादला उतरून रेल्वेने परभणीला येणार होती. घरी सगळं माहीत आहे, असं वैदेहीने तिला सांगून ठेवलं होतं. इकडे हे खोटं आणि तिकडे ते खोटं. वैदेहीला स्वतःला येऊन बारा दिवस झाले होते, रोज सकाळी ती आज सांगायचंच म्हणून उठायची, आणि रोज अण्णा काहीतरी काढायचे.

तिने पेन टाकलं आणि उठली.

अण्णासाहेब व्हरांड्यात खुर्चीवर बसून फुलस्केपच्या कागदांना टाचणी लावत होते.

"अण्णा, मला सांचिरबद्दल बोलायचंय."

"संध्याकाळी बोलायचंच आहे तुला. तासभर आहे." त्यांनी कागद पुढे केले. "हे घे. भाषण लिहून ठेवलंय."

"माझं भाषण तुम्ही लिहिलंत?"

"तुझ्याच पत्रांवरून. तू ऐन वेळी काहीबाही बोलशील. वाचून दाखवलेलं बरं."

"मी काय शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायलेय का अण्णा? छत्तीस वर्षांची आहे मी. तुम्ही मला न विचारता कार्डं छापलीत—"

"कार्डं वाचनालयाच्या महारुद्रनं छापली."

"तुम्ही तपासलीत! एक वेलांटी बदलायला दीडशे कार्डं घेऊन बसलात, आणि ते वाचलं नाहीत? नियोजित वर?"

अण्णासाहेबांनी टाचणीची डबी बंद केली. ती नीट लागली की नाही ते अंगठ्याने दाबून पाहिलं.

"छापलेलं आहे ते. लोकांना तसं वाचायची सवय असते," ते म्हणाले. "चहा निवायलाय तुझा."

"अण्णा, सांचिर—"

"एकदा वाचून घे. काही ठिकाणी अक्षर लागणार नाही, खाडाखोड झालीय थोडी."

आणि ते उठून आत गेले. वैदेहीने तो गठ्ठा न उघडता चौपदरी घडी घालून पर्समध्ये कोंबला. वाचणार तर नाहीच, असं तिने ठरवून टाकलं. शेळ्यांच्या रोगांवर बोलेन, थंडीवर बोलेन, घोडीच्या दुधावर बोलेन आणि खाली बसेन. लग्नाचा विषय निघाला तर उठून घरी येईन. हे भ्याडपणाचं आहे हेही तिला कळत होतं, आणि तो राग आणखी वेगळा होता.

दुपारी सांचिरचा फोन आला. पलीकडे वारा होता.

"तुझ्या आईसाठी निळं रेशमी वस्त्र घेतलंय," सांचिर म्हणाली. "दोन्ही हातांवर ठेवून द्यायचं असतं. त्यांनी घेतलं नाही तर मी काय करू?"

"घेईल ती."

"त्यांनी काही विचारलं माझ्याबद्दल?"

छातीचं माप विचारलं, असं वैदेहीच्या जिभेवर आलं होतं.

"विचारतात की," ती म्हणाली. "रोज विचारतात."

"चांगलं आहे मग," सांचिर म्हणाली. ती खूश झाली होती, आणि ते आवाजात ऐकू येत होतं. वैदेहीने फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बुक्की मारली. हात दुखला, दुसरं काही झालं नाही.

पाचला वाचनालयाचं पत्र्याचं सभागृह भरलं होतं. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर पुरुष, आणि पहिल्या रांगेत कडेला अण्णासाहेब, टोपी घालून, दोन्ही हात काठीवर. सुमंगलाबाई त्यांच्या मागच्या खुर्चीवर नव्या साडीत बसल्या होत्या. सतरंजीवर सगळ्यांत पुढे बायनाबाई. गेली तीस वर्षं ती या घरी दूध घालत होती, आणि वैदेही जनावरांची डॉक्टर झाली ती आपल्याच म्हशीमुळे, असं तिचं पक्कं मत होतं.

शाल झाली, नारळ झाला. वाचनालयाचा चिटणीस महारुद्र हा अण्णांचा जुना विद्यार्थी. त्याने माईक हातात घेतला तो काही लवकर सोडला नाही.

"आपल्या ताईनं जावई आणला तर कुठला आणला? थेट चंगीझखानाच्या मुलखातला! अन् नाव काय, तर साक्षात शनिमहाराजाचं. गुरुजींनी ते संस्कृतातून शोधून काढलं, म्हणून आपल्याला कळलं. आता शुक्रवारी जावईबापू यायलेत. तिकडं म्हणे जो तो घोड्यावरच बसतो. म्हंजे आमाला वरातीचं घोडं शोधायचं काम न्हाई!"

सभागृह हसलं. सुमंगलाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. वैदेही उभी राहिली. तिने शेळ्यांपासून सुरुवात करायची ठरवली होती, पण माईकसमोर तोंड उघडलं तर पहिलं वाक्यच सापडेना. लोक टाळ्या वाजवून वाट पाहत होते. शेवटी तिने पर्समधून तो चौपदरी गठ्ठा काढला, झटकून सरळ केला आणि वाचायला लागली.

अण्णांनी लिहिलं बरं होतं, हे चिडूनही कबूल करावं लागत होतं. गवताचा तो न संपणारा मुलूख, लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, त्यांना तिथे गेर म्हणतात. दारातून डावीकडे पुरुषांची बाजू, उजवीकडे स्वयंपाकाची म्हणजे बायकांची. लोक ऐकत होते. मग दुसऱ्या पानावर सांचिर सुरू झाली.

"सांचिरने मला घोड्यावर बसायला शिकवलं," वैदेहीने वाचलं. "सांचिरच्या आईने मला मुलगी मानलं. सांचिरला आपल्या ज्वारीच्या भाकरीचं फार कुतूहल आहे."

वाचता वाचता तिला हे ओळखीचं वाटलं. तिच्याच पत्रांतलं होतं, तेव्हा वाटणारच. पण पुढच्या परिच्छेदात शुक्रवारचं होतं, आणि शुक्रवारबद्दल तिने पत्रात एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. ते अण्णांचं स्वतःचं होतं. 'येत्या शुक्रवारी सांचिरचे पोखर्णीत पाऊल लागेल. आपण सर्व सांचिरला आपुलकीने सामावून घ्याल.' वैदेहीची जीभ अडखळली. अण्णा असं लिहीत नसत. ते सरळ लिहायचे: सांचिर येणार, सांचिर आपला आहे, त्याला सामावून घ्या. पाऊल लागेल, म्हणे! वाचलेल्या पानांत कुठेही 'तो' नव्हता. 'त्याने' नव्हतं, 'त्याला' नव्हतं. जो माणूस गावभर जावई-जावई करत फिरला, त्याने लेकीच्या तोंडी द्यायच्या कागदात सांचिरसाठी एकही पुल्लिंगी शब्द येऊ दिला नव्हता.

तिने पान उलटलं. आर्खांगाय प्रांतातल्या थंडीचा प्रसंग आला. तिला न्यूमोनिया झाला होता, वादळात रस्ता बंद होता, तंबूत ती एकटी होती. तिथे अण्णांच्या टपोऱ्या निळ्या अक्षरांत लाल पेनाची खाडाखोड होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चौथ्या दिवशी सांचिरचे येणे झाले.' लाल रेघ एकच होती. चाळीस वर्षांच्या सवयीने मारलेली, खालचा शब्द वाचता यावा अशी. खाली निळं अक्षर स्वच्छ होतं.

चौथ्या दिवशी बर्फातून वाट काढत सांचिर आली.

आली.

वैदेही त्या शब्दाकडे बघत राहिली. लिहिताना हात आपोआप गेला असणार तिकडे. मग लक्षात आलं असणार, मग लाल पेन. म्हणजे माहीत होतं. आज नाही, काल नाही. जो माणूस परंतुच्या उकारासाठी उत्तर पाठवतो, त्याला शंभर पत्रांतला टाळलेला लिंगभेद दिसला नसेल होय! पहिल्या दहा पत्रांतच दिसला असेल. आणि दिसल्यावर त्याने काय केलं? शनी पुल्लिंगी म्हणून गावभर डांगोरा पिटला. बायकोला शर्टाचं कापड आणू दिलं. बारा दिवस रोज सकाळी तिचं वाक्य अर्ध्यात तोडलं, चहा निवला, टाचणी लागेना, अक्षर लागणार नाही. तिने लपायला जी बोळकांडी शोधली होती, ती बापाने बसून सारवून, लिंपून, चार पानांत व्यवस्थित करून तिच्या हातात दिली होती. वाच म्हणाला. यातच राहा म्हणाला. खोटंही बोलू नको आणि खरंही बोलू नको.

तिला तो गठ्ठा पहिल्या रांगेत फेकून मारावासा वाटला. दोन वर्षं ती ज्याच्या भीतीने एकेक वाक्य तोलत होती, तो पलीकडे बसून तीच वाक्यं तोलत होता, आणि दोघांपैकी एकालाही लाज वाटली नाही. वाचन मधेच तुटलं होतं. लोकांना वाटलं, पोरगी आठवणीने गहिवरली.

"पानी द्या रे ताईला," कुणीतरी म्हणालं.

"नको," वैदेही माईकमध्ये म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा आला. तिने पान पुन्हा डोळ्यांसमोर धरलं आणि खोडलेलं वाक्य वाचलं.

"चौथ्या दिवशी बर्फातून वाट काढत सांचिर आली."

मग सतरंजीवर कुजबुज झाली, एक-दोन माना एकमेकींकडे वळल्या. बाजूला उभा असलेला महारुद्र हसत पुढे झाला. ताईला सांभाळून घ्यायचं काम आपलं, असा त्याचा चेहरा होता.

"आला," तो माईककडे वाकून म्हणाला. "सांचिर आला, असं म्हणायचंय ताईला. तीन वर्षं परदेशात राहून मराठी कच्चं झालं, दुसरं काही न्हाई. गुरुजी, तुमच्याच घरात अशी चूक! आमाला तर तुमी अंगठे धरायला लावले असते."

पुन्हा हशा झाला. वैदेही हसली नाही. ती महारुद्रकडे बघत नव्हती. ती पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीकडे बघत होती आणि नजर हलवत नव्हती. बघा आता. सांगा यांना. पोरीची जीभ घसरली म्हणा, पुल्लिंगी आहे म्हणा, तुमच्या शब्दावर गाव विश्वास ठेवेल, ठेवतंच आलंय. तिचं ते बघणं इतका वेळ चाललं की हशा आपोआप विरला आणि एकेक जण तिच्या नजरेमागे मान वळवून अण्णासाहेबांकडे पाहू लागला. सुमंगलाबाई सगळ्यांत शेवटी वळल्या. त्यांच्या हातातला पदर तोंडाशीच राहिला होता.

अण्णासाहेब काठीवर भार देऊन उठले. उठायला त्यांना वेळ लागला. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो रागाने की कशाने हे वैदेहीला कळलं नाही. त्या घटकेला तिला ते जाणून घ्यायचंही नव्हतं.

"महारुद्र," ते म्हणाले, "खाली बस."

"न्हाई गुरुजी, मी फक्त दुरुस्ती—"

"वाक्यात चूक नाही." वर्गात फळ्याशी उभे राहून बोलायचे तोच आवाज होता, फक्त कोरडा. "कर्तरी प्रयोग आहे. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. कर्ता स्त्रीलिंगी, म्हणून आली. वाक्य शुद्ध आहे."

ते खाली बसले. वैदेहीकडे त्यांनी पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर वाचनालयाच्या वेळा लिहिल्या होत्या, त्या वाचत असल्यासारखे ते बसून राहिले.

महारुद्रने एकदा हातातल्या कार्डाकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि तो खुर्ची न बघताच मागे सरकत जाऊन बसला. मागच्या रांगेतून दोन माणसं उठली आणि बाहेर गेली. तिसरं उठावं की नाही या विचारात अर्धं उठून बसलं. सुमंगलाबाई नवऱ्याच्या टोपीच्या मागच्या बाजूकडे बघत होत्या. त्यांची नजर इतकी जळजळीत वैदेहीने जन्मात पाहिली नव्हती. तो हिशेब आता घरी व्हायचा होता.

वैदेहीचा राग गेला नव्हता. तसूभरही गेला नव्हता. एवढंच वाक्य म्हणायचं होतं, तर दोन वर्षं कशाला लागली? पहिल्याच पत्राला उत्तर म्हणून का आलं नाही ते, परंतुच्या खाली, एका ओळीत? आणि तिने स्वतः तरी का नाही लिहिलं? हे सगळं एकदम तोंडाशी आलं होतं आणि माईक चालू होता. पुढचं वाक्य अण्णांच्या कागदावर होतं, पण तिने कागद टेबलावर पालथे घातले.

"आता गप का झालीस, माय?" सतरंजीवरून बायनाबाईचा आवाज आला. गोष्ट मधेच तोडली की तिला सहन होत नसे, मग ती कुणाची का असेना. "तू तापानं फणफणायलती. भाईर बरफ. जवळ चिटपाखरू न्हाई. अन् मंग ती आली. आली, अन् पुढं?"

वैदेहीने तिच्याकडे पाहिलं.

"मग तिनं," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडात नवा वाटला म्हणून जरा थांबली, "मग तिनं आधी माझे ओले मोजे काढले."